किराणा दुकानदाराच्या पोरीनं ‘इको’ शब्द लोकांपर्यंत नेला, आणि पुडीत काय आहे ते तपासायलाही शिकवलं

सुपरमार्केटमध्ये साबण-फिनेलच्या रॅकसमोर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. भांडी घासायच्या लिक्विडवर हिरवं पान. टॉयलेट क्लीनरवर हिरवं पान. बांबूच्या टूथब्रशवर हिरवं पान. कचऱ्याच्या पिशव्यांच्या रोलवर तर दोन हातांच्या ओंजळीत अख्खी पृथ्वी. खाली लिहिलेलं असतं ‘इको-फ्रेंडली’. कुणी ‘नॅचरल’ लिहितं, कुणी ‘ग्रीन’, कुणी ‘बायोडिग्रेडेबल’. शेजारच्या साध्या बाटलीपेक्षा वीस-तीस रुपये जास्त जातात, पण पर्यावरणासाठी आपणही काहीतरी केलं म्हणून माणूस खुशीत घरी येतो.

यातला ‘इको’ आला ग्रीक भाषेतल्या ‘ओइकोस’ वरून. अर्थ, घर. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलनं १८६६ साली त्यावरून एक नवा शब्द तयार केला, सजीव आणि त्यांचा भोवताल यांच्यातलं नातं अभ्यासणारं शास्त्र या अर्थानं. पुढची पंचवीसेक वर्षं तो शब्द बहुतेक करून जीवशास्त्रज्ञांपुरताच राहिला. मग १८९२ साली बोस्टन शहरात एका बाईनं तो सामान्य लोकांच्या सभेत मांडला. माणूस राहतो ते घर, पितो ते पाणी, घेतो ती हवा आणि खातो ते अन्न, या सगळ्याचं मिळून एक शास्त्र व्हायला हवं आणि त्याला हे नाव द्यावं, असं तिचं म्हणणं होतं.

गंमत पुढेच आहे. आज जो शब्द पाकिटावर छापला की माल खपतो, तो शब्द लोकांपर्यंत नेणाऱ्या या बाईच्या कामाचा मोठा भाग होता, माणसाला विकल्या जाणाऱ्या वस्तूत खरोखर काय आहे ते तपासण्याचा.

तिचं नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स.

एलेनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ चा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं डन्स्टेबल हे तिचं खेडं. आईवडील दोघंही शिक्षकी पेशातले, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. एकुलत्या एका पोरीला चांगली शाळा मिळावी म्हणून १८५९ साली हे कुटुंब वेस्टफर्ड गावात आलं आणि वडिलांनी तिथं दुकान टाकलं. पुढे लिटलटनला गेल्यावर तिथंही दुकानच. शाळा सांभाळून एलेन गल्ल्यामागे उभी राहायची, आजारी आईचं बघायची, घरातलं सगळं करायची.

त्या काळच्या किराणा दुकानात माल पिंपांतून आणि पोत्यांतून यायचा. सोडा, साखर, मसाला, जे हवं ते तोलून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचं. पुडीत नेमकं काय आहे हे गिऱ्हाईकाला माहीत नसायचं आणि बऱ्याचदा दुकानदारालाही नसायचं. घाऊक व्यापाऱ्यानं सांगितलं ते खरं धरायचं. हे सगळं एलेननं गल्ल्याच्या आतल्या बाजूनं पाहिलं होतं.

मुलींसाठी व्हॅसर नावाचं नवं कॉलेज निघालंय हे तिला कळलं तेव्हा तिच्याकडे पैसे नव्हते. शिकवण्या घेतल्या, लोकांच्या घरची कामं केली, तीनशे डॉलर साठवले आणि १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती कॉलेजात दाखल झाली. तिथं खगोलशास्त्र शिकवायला मराया मिचेल होत्या, धूमकेतू शोधून जगभर नाव झालेल्या. एलेनला तारे आवडायचे, पण तिचा जीव रमला रसायनशास्त्रात. कारण ते रोजच्या जगण्यात वापरता येणार होतं.

१८७० साली पदवी मिळाली. केमिस्ट म्हणून नोकरी मात्र मिळेना. अखेर तिनं बोस्टनच्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेकडे अर्ज केला. तीच आजची एमआयटी. तिथं तोवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. संस्थेनं तिला ‘विशेष विद्यार्थी’ म्हणून घेतलं आणि फी माफ केली. एलेनला वाटलं आपली परिस्थिती बघून दया दाखवली. खरं कारण तिला नंतर समजलं. कुणी हरकत घेतलीच, तर ही बाई आमची विद्यार्थिनीच नाही, हिची फीसुद्धा आमच्याकडे जमा नाही, असं सांगायची सोय संस्थेनं ठेवली होती.

तरी १८७३ साली ती एमआयटीची पहिली महिला पदवीधर झाली. पुढची डॉक्टरेट मात्र तिथून कधीच मिळाली नाही. १८७५ साली तिनं खाणकामाचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केलं. हनिमूनला ही जोडी नोव्हा स्कोशियाला गेली ती रॉबर्टच्या विद्यार्थ्यांचा अख्खा वर्ग सोबत घेऊन, खाणी बघायला. नवरीच्या पायात जाड बूट होते.

१८७६ मध्ये बोस्टनच्या महिला शिक्षण संघटनेनं पैसे उभे केले आणि एमआयटीत बायकांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. एलेन तिथं वर्षानुवर्षं पगार न घेता शिकवत होती. वर आपल्याच खिशातून वर्षाला हजारेक डॉलर घालत होती.

या प्रयोगशाळेत वॉलपेपर आणि कापड तपासायला यायचं. कशासाठी? आर्सेनिकसाठी.

एकोणिसाव्या शतकात घरात सुंदर हिरवा रंग हवा असेल तर तो बहुतेक वेळा तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगांपासून बनलेला असायचा. शीलेचा हिरवा, एमराल्ड हिरवा अशी त्याची नावं. भिंतीवरचा कागद, मुलांची खेळणी, बायकांचे झगे, टोपीवरची कापडी पानं, सगळीकडे तो होता. डोळ्यांना झाडाची आठवण करून देणारा रंग आणि आत विष. हिरवा रंग बघून विश्वास ठेवायचा नाही हे त्या पिढीला फार महागात शिकावं लागलं.

नुसतं बघून काही कळत नाही. आर्सेनिक पकडायला तेव्हा मार्श चाचणी असायची. नमुना जस्त आणि आम्लाबरोबर घालायचा, निघणारा वायू तापलेल्या काचेच्या नळीतून न्यायचा, आणि आर्सेनिक असेल तर नळीच्या आत काळपट चकचकीत थर जमतो. दुकानदार काय म्हणतो याचा या नळीवर काहीच परिणाम होत नाही.

विषारी हिरव्याची बोंब झाली तशी ब्रिटनमधल्या कारखानदारांनी आपले वॉलपेपर ‘आर्सेनिक-मुक्त’ म्हणून विकायला काढले. आजच्या पाकिटांवर अमुक-फ्री, तमुक-फ्री असं जे लिहिलेलं असतं, त्याची ही पणजी म्हणायला हरकत नाही. तेव्हा तो दावा कामाचा होता, कारण बाजारात आर्सेनिकचा माल खरोखर होता आणि तपासून बघता येत होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९०० साली कापड आणि वॉलपेपरमधल्या आर्सेनिकवर कायद्यानं मर्यादाच घातली.

आज याच जातीचे काही दावे खरे असूनही पोकळ असतात. एखाद्या स्प्रेच्या डब्यावर ‘सीएफसी-फ्री’ लिहिलेलं दिसतं. ओझोनचा थर खाणाऱ्या या वायूंवर १९८७ च्या माँट्रियल करारानं बंधनं आली आणि भारतातही २०१० पर्यंत त्यांचं नेहमीच्या वापरासाठीचं उत्पादन संपवण्यात आलं. म्हणजे शेजारच्या साध्या डब्यातही ते नसतात. कायदा पाळला याचंच कौतुक डब्यावर छापलेलं असतं. शिवाय अमुक नाही म्हटलं तरी त्याच्या जागी काय घातलं, हे पाकीट सांगत नाही ते नाहीच.

एलेनकडे परत येऊ. १८७८-७९ च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळानं किराणा मालाची तपासणी करायचं ठरवलं आणि ते काम तिच्याकडे आलं. गावोगावच्या दुकानांतून पुड्या आणायच्या, फोडायच्या आणि तपासायच्या. दुकानदाराच्या पोरीला याहून योग्य काम दुसरं कुठलं मिळणार होतं?

भेसळ कशी चालायची याचं एक उदाहरण बघा. केक-बिस्किट फुगवायला क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड लागते. ती वाईनच्या पिंपात आतून जमणाऱ्या थरापासून बनते, म्हणून महाग. जिप्समची पूडही तशीच पांढरी आणि तशीच मऊ. पुडीत दोन्ही एकत्र केले तर डोळ्यांना कळायचं काही कारण नाही. कळतं ते केक बसल्यावर, आणि तेव्हा दोष बाईच्या हाताला दिला जातो.

अशा तपासण्यांच्या मागोमाग १८८२ साली मॅसॅच्युसेट्सनं अन्न आणि औषधांतल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. अख्ख्या अमेरिकेसाठी असा कायदा यायला १९०६ उजाडलं. पुडीवर एक लिहून आत दुसरं देणं हा गुन्हा झाला तो तेव्हा.

पण सरकार प्रत्येक पुडी तपासणार नाही हे एलेनला ठाऊक होतं. १८८२ मध्येच तिनं घर चालवणाऱ्या बायकांसाठी स्वयंपाक आणि साफसफाईच्या रसायनशास्त्रावर छोटं पुस्तक लिहिलं. आम्ल म्हणजे काय, अल्कली म्हणजे काय, सोडा आणि साबण डाग कसा काढतात, भाकरीचं पीठ का फुगतं, हे सगळं साध्या भाषेत. १८८६ मध्ये अन्नपदार्थ आणि त्यांतली भेसळ यावर दुसरं पुस्तक आलं. शिवाय घरबसल्या शिकू इच्छिणाऱ्या बायकांना पत्रानं शिकवणारी एक संस्था बोस्टनमध्ये होती. तिचा विज्ञानाचा विभाग एलेन चालवायची आणि लांबलांबच्या खेड्यांतून येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायची.

तपासायचं ठीक, पण तपासणीचे पैसे कोण देतो हाही प्रश्न असतोच. एलेनच्या कामात याचा एक छान नमुना सापडतो. १८८४ पासून दहाएक वर्षं ती एका अग्निविमा कंपनीची सल्लागार केमिस्ट होती. कापड गिरण्यांत यंत्रांना जे तेल लागायचं, त्यातलं काही तेल चिंध्यांत मुरून आपोआप पेट घ्यायचं. तेल विकणारा ते सुरक्षित आहे असंच सांगणार. गिरणी जळली तर भरपाई मात्र विमा कंपनीला द्यावी लागणार. म्हणून खरं काय ते कळण्यात विमा कंपनीचाच फायदा होता आणि त्यासाठी तिनं एलेनला पैसे दिले.

आजच्या पाकिटावरचे शिक्के याच नजरेनं बघता येतात. काही शिक्के कंपनी स्वतःच तयार करते. गोल आकार, मधे पान, भोवती इंग्रजीत काहीतरी भारदस्त. त्यामागे कुणीही तपासणारा नसतो. काही शिक्के बाहेरच्या संस्थेचे असतात, त्यांचे निकष छापलेले असतात आणि परवाना क्रमांक असतो. भारत सरकारचा असा एक शिक्का १९९१ पासून आहे, ‘इकोमार्क’. त्याचं चिन्ह आहे मातीचं मडकं. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तू, त्याही भारतीय मानकांच्या दर्जात बसणाऱ्या, अशांसाठी हा शिक्का होता. पण तो घ्यायलाच हवा अशी सक्ती नव्हती, फार थोड्या कंपन्या पुढे आल्या आणि मडकं लोकांना माहीतच झालं नाही. २०२४ मध्ये सरकारनं त्याचे नवे नियम काढले. स्वतःच पान छापणं फुकट पडत असताना तपासणी करून मडकं कोण घेणार, हा प्रश्न तेवढा उरतोच.

एलेनचं सगळ्यात मोठं काम पाण्याचं. दावे कसे वाचायचे हे समजायला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो, म्हणून इथं जरा थांबू.

१८८७ साली आरोग्य मंडळानं राज्यभरातल्या नद्या, तळी आणि विहिरींचं पाणी तपासायचं ठरवलं. एलेन तोवर एमआयटीत आरोग्य-रसायनशास्त्राची शिक्षिका झाली होती. पहिल्याच काही वर्षांत २०,००० हून जास्त नमुने तिच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. बाटल्या यायच्या, लेबल लागायचं, मोजमाप व्हायचं, नोंद व्हायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

पाण्यात सांडपाणी मिसळलंय का, हे शोधायची एक खूण म्हणजे क्लोराइड, म्हणजे साध्या मिठाचा अंश. माणसाच्या लघवीत मीठ असतं, सांडपाण्यात ते जास्त असतं. मग मीठ सापडलं की पाणी घाण, असं म्हणायचं का? तसं नव्हतं. समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस मीठ घेऊन येतो. किनाऱ्याजवळच्या स्वच्छ तळ्यातही ते भरपूर असतं आणि आत डोंगराकडे जावं तसं कमी होत जातं. म्हणजे किनाऱ्यावर जो आकडा निर्धोक, तोच आकडा आतल्या गावात धोक्याची घंटा.

या नमुन्यांतून एक नकाशा तयार झाला. ज्या ठिकाणी माणसाचा स्पर्श नाही तिथं क्लोराइड किती असतं ते मांडून सारख्या प्रमाणाच्या रेषा आखल्या गेल्या. त्या रेषा समुद्रकिनाऱ्याला साधारण समांतर निघाल्या. हा नकाशा हातात आल्यावर कुठल्याही विहिरीचं पाणी तपासायचं, तिथल्या रेषेचा आकडा बघायचा आणि दोन्हींतला फरक काढायचा. वरचं जे आलं ते माणसांमुळे. पाण्याच्या गुणवत्तेचे निकष ठरवण्यात मॅसॅच्युसेट्स अमेरिकेत पुढे राहिलं, त्यामागे हे मोजमाप होतं.

नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तो कशाच्या तुलनेत आहे हे सांगावं लागतं, हे त्या नकाशानं दाखवलं. आता पाकिटावरचं ‘५० टक्के कमी प्लॅस्टिक’ वाचा. कशापेक्षा कमी? याच कंपनीच्या जुन्या बाटलीपेक्षा? कुठल्या सालच्या? स्पर्धकाच्या बाटलीपेक्षा? की त्याच बाटलीत आता मालही कमी भरलाय? ‘पुनर्वापरातल्या साहित्याचं प्रमाण दुप्पट’ असं लिहिलं आणि आधीचं प्रमाण एक टक्का असेल, तर नवं दोन टक्के झालं. आकडा खरा, पण आपण समजलो ते भलतंच. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १९९२ साली पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही तुलना नेमकी कशाशी हे स्पष्ट करायला सांगितलंय.

‘बायोडिग्रेडेबल’ची गत अशीच आहे. जागा आणि काळ सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. लाकूडही कुजतं, पण ओलसर जमिनीत वेगळं आणि कोरड्या माळ्यावर वेगळं. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकची प्रमाणित चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते, मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात असतं तसं तापमान ठेवून. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा नाल्यात ती पिशवी तशीच वागेल याची खात्री तो शिक्का देत नाही. भारतात अशा पिशव्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि पिशवीवर त्याचा क्रमांक छापावा लागतो. दुकानदारानं हातात दिलेल्या पिशवीवर नुसतं ‘कंपोस्टेबल’ आहे की क्रमांकही आहे, एवढं बघायला दोन सेकंद पुरतात.

आणि तो बाणांचा त्रिकोण? डब्याच्या बुडाशी असतो तो. ते चिन्ह १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं आणलं. त्रिकोणातला १ ते ७ पैकी आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, एवढंच. तो डबा आपल्या शहरात कुणी रिसायकल करतं का, याचं उत्तर त्यात नाही. भंगारवाला ते जास्त खात्रीनं सांगेल.

पाण्याचं काम चालू असतानाच १८९० मध्ये एलेननं मेरी हिनमन एबल या सहकारी बाईंबरोबर बोस्टनमध्ये एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. गरीब कामगारांना स्वस्त, स्वच्छ आणि पौष्टिक जेवण द्यायचं. हिशेब चोख होता, पण योजना गरिबांमध्ये म्हणावी तशी चालली नाही. आयर्लंड, इटलीहून आलेल्या कामगारांना ते सपक जेवण नको होतं. त्यांना आपल्या घरचं हवं होतं. इथं एलेनची नजर चुकली, असंच म्हणावं लागेल. अन्नाचं पृथक्करण तिला येत होतं, पण माणूस जिभेनंही जेवतो हे तिच्या तक्त्यात नव्हतं.

तोच प्रयोग १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मात्र गाजला. रमफर्ड किचन नावाच्या छोट्या घरात ३० सेंटला जेवण मिळायचं, आणि मेनूवर त्या जेवणातून किती प्रथिनं, किती चरबी, किती पिष्ट पदार्थ पोटात जाणार हे छापलेलं असायचं. हजारो लोक ते वाचत जेवले. पाकिटावर पोषणाचा तक्ता सक्तीचा करणारा कायदा अमेरिकेत आला तो १९९० साली. शंभर वर्षांनी, जवळपास.

याच वर्षी एलेनच्या हातून शब्दही निसटला. तिनं १८९२ मध्ये मांडलेलं ‘घराचं शास्त्र’ हे नाव १८९३ मध्ये मॅडिसन इथल्या परिषदेत वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या शाखेसाठी पक्कं केलं. स्पेलिंगही बदललं, सुरुवातीचा ‘ओ’ गेला. इकॉलॉजी म्हणजे जंगल, तळी, झाडं, प्राणी असं ठरलं. माणसाचं घर, गटार आणि किराणा त्यातून बाहेर पडले. एलेननं मग आपल्या कामासाठी दुसरं नाव घेतलं, होम इकॉनॉमिक्स. आपल्याकडे गृहविज्ञान म्हणतात तेच. १८९९ पासून लेक प्लॅसिडला त्याच्या परिषदा भरू लागल्या आणि १९०८ मध्ये अमेरिकेत या विषयाची संघटना उभी राहिली, तेव्हा पहिली अध्यक्ष अर्थात एलेन होती.

जमैका प्लेन भागातलं तिचं स्वतःचं घर म्हणजेही प्रयोगशाळाच होती. धूळ धरणारे जाड गालिचे काढून टाकले, कोळशाच्या शेगडीच्या जागी गॅस आणला, हवा खेळती राहावी म्हणून सोय केली, पडद्यांऐवजी खिडकीत झाडं ठेवली. दुसऱ्याला सांगायचं ते आधी घरात करून बघायचं, असा खाक्या होता.

एक गोष्ट मात्र खटकते. तपासायचं सगळं ओझं तिच्या मांडणीत घरच्या बाईवर येऊन पडतं. पाणी बघा, पीठ बघा, साबण बघा, आणि हे सगळं चूल-मुलं सांभाळून. चोर कारखान्यात आणि पहारा स्वयंपाकघरात, असा तो प्रकार होता. कायदे व्हावेत म्हणून एलेननं आयुष्यभर काम केलं हे खरंच, पण पुढे कंपन्यांनी या विषयातला ‘हुशार गृहिणी’ एवढाच भाग उचलला. १९२० च्या दशकात गृहविज्ञान शिकलेल्या बायकांना कंपन्या आपला माल खपवायला नोकरीवर घेऊ लागल्या. १९२१ साली पीठ विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं तर बेटी क्रॉकर नावाची बाईच कल्पनेतून उभी केली. ग्राहकांच्या स्वयंपाकाच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि खाली तिची सही करायची. एलेन खेड्यांतल्या बायकांना पत्रं लिहायची त्याला तोवर अर्धं शतकही झालं नव्हतं.

हे बघायला ती नव्हती. १९१० साली स्मिथ कॉलेजनं तिला मानद डॉक्टरेट दिली. एमआयटीनं न दिलेली पदवी अशी आडवाटेनं आली. पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९११ ला जमैका प्लेनच्या त्याच घरात ती गेली. वय ६८. शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत तिची कामं आणि भाषणं चालू होती. सत्तावीस वर्षं ती एमआयटीत शिक्षिका होती, प्राध्यापक हे पद तिला कधी मिळालं नाही. रॉबर्ट तिच्यानंतर चौतीस वर्षं जगले आणि शंभरी पार करून गेले. एमआयटीनं तिच्या नावानं महिला प्राध्यापकांसाठी पद निर्माण केलं ते १९७३ मध्ये, तिच्या पदवीला शंभर वर्षं झाल्यावर.

हिरव्या रंगानं फसवण्याच्या उद्योगाला ‘ग्रीनवॉशिंग’ हे नाव १९८६ साली मिळालं. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्यानं हॉटेलांमधल्या त्या कार्डांवरून ते काढलं, ज्यावर पृथ्वी वाचवायला टॉवेल पुन्हा वापरा असं लिहिलेलं असतं आणि वाचतो तो हॉटेलचा धुलाईचा खर्च.

भारतात यावर थेट नियम आले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘क्लीन’ असे मोघम शब्द नुसते छापून भागत नाही. त्यामागचा पुरावा आणि नेमका अर्थ द्यावा लागतो. दावा वस्तूचा आहे, तिच्या पॅकिंगचा की बनवण्याच्या पद्धतीचा, हे सांगावं लागतं. तुलना केली असेल तर तपासता येईल अशी माहिती हवी. पाकिटावर जागा नसेल तर क्यूआर कोड किंवा वेबसाइटचा पत्ता देता येतो. म्हणजे हिरव्या पानाशेजारी क्यूआर कोड दिसला तर मोबाइल काढून स्कॅन करायचा, उघडलेल्या पानावर चाचणीचा अहवाल आहे की पुन्हा झाडांचे फोटोच आहेत ते बघायचं. फोटोच निघाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.